स्केल न पाहता मागवलेला डबा

जेद्दात मी शुक्रवारी ज्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाला जाते, त्यांना वहिनी 'अहो' म्हणतात आणि ड्रायव्हर 'डॉक्टरसाब'. नाव विचारायला मला लाज वाटते. त्यांनी अंगणभर मांजराएवढ्या उंच आगगाडीचे रूळ घातलेत. खिशात सदा मोजपट्टी. मला ते आपा, म्हणजे ताई, म्हणतात.

"आपा, दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. खरी गाडी किती पट लहान केली, ते स्केल. लोक दोन्ही एकच समजतात!"

मी कांदा कापत मान हलवायची.

वहिनींना कपडे वाळत घालायला अंगण हवं होतं आणि डॉक्टरांना तिथे बोगदा बांधायचा होता. "पाहुण्यांसमोर गाडी बोगद्यातून गेली नाही, तर अंगण माझं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. त्यांनी इंजिनाच्या मापाने सिमेंटचा बोगदा बांधला आणि नवा डबा मागवला. गेज तेच, म्हणून डबा रुळांवर नीट बसला. स्केल मात्र त्यांनी पाहिलंच नव्हतं. शेळीमागे उंट उभा करावा तसा तो इंजिनामागे दिसत होता.

शुक्रवारी इंजिन बोगद्यात शिरलं, डबा तोंडाशी अडकला, कडी सुटली आणि इंजिन एकटंच पलीकडून बाहेर आलं.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "गाडी गेली की! राहिला तो डबा!"

वहिनी दोरी आणून बोगद्यावरून बांधू लागल्या.

डॉक्टरांनी मोजपट्टी काढली. "अगं, जरा वर बांध. इंजिनाला जागा ठेव."

आता ओल्या टॉवेलांखालून इंजिन एकटंच डब्यापर्यंत जातं आणि मागे येतं. अडकलेल्या डब्याकडे बोट दाखवत डॉक्टर नव्या पाहुण्यांना सांगतात, "लोक स्केल बघतच नाहीत हो!"