सांग तेका

"सांग तेका, खिडकी लाव म्हणान. वारो लागता."

शेवंताबाय हे माझ्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून, समोरच्या काचेशी बोलल्यासारखं बोलायची. 'तो' म्हणजे गजाभाऊ. तो सगळ्यांत मागच्या सीटवर, म्हणजे तिच्यापासून फार तर सहा फुटांवर बसलेला असायचा आणि त्याचे दोन्ही कान शाबूत होते. तरी मी मान वळवून म्हणायचो, "गजाभाऊ, खिडकी लाव." तो लावायचा. मग म्हणायचा, "लावलंय म्हणान सांग तिका." मी मान पुढे करून सांगायचो, "बाय, लावली." "आयकलंय," बाय म्हणायची, "मी काय भैरी नाय."

चार वर्षं मी हे दुभाष्याचं काम केलं. मालवणीतून मालवणीत.

दोघांची वाट एकच होती. कधी कणकवलीला वकीलबाईंकडे, कधी कोर्टात तारखेला. दोघांचं मागणंही एकच होतं: बायचा धाकटा भाऊ दिगू याच्या खुनात सापडलेला पंचा नव्याने तपासा, त्याच्यावरच्या रक्ताचा डीएनए काढा. फरक एवढाच, की खून गजाभाऊने केला हे बायला सिद्ध करायचं होतं आणि आपण केला नाही हे गजाभाऊला. एका अर्जावर तिचा अंगठ्याएवढा मोठा सहीचा फराटा, त्याच अर्जाला जोडून त्याचं संमतीपत्र की माझं रक्त हवं तेव्हा घ्या. असा फिर्यादी आणि असा संशयित एका गाडीतून नेण्याचं भाग्य सगळ्यांनाच लाभत नाही. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची.

आमची वाडी देवबागच्या वाटेवर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधून एक रस्ता. पर्यटक म्हणतात, काय स्वर्ग आहे. त्यांना चार दिवसांनी परत जायचं असतं. आम्हाला इथे भांडण झालं तर पाठ फिरवायलाही जागा नसते. एकाकडे पाठ फिरवली की तोंड दुसऱ्याच्या दाराकडे येतं. बायचं दार आणि गजाभाऊचं दार तर समोरासमोर, मध्ये पाऊलवाट आणि दोघांच्या हद्दीवरचा एक माड.

त्या माडाच्या नारळांवरून दिगू आणि गजाभाऊ यांची बाचाबाची झाली, ती अख्ख्या वाडीने ऐकली. दिगू बोटीवर नोकरीला होता, सुट्टीवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीजवळ पडलेला सापडला, डोक्यात दगड घातलेला. त्याच्या अंगाखाली एक पंचा होता, रक्ताने आणि पाण्याने भिजलेला, आणि तो दिगूचा नव्हता.

बायची मला आठवते ती पहिली मोठी गोष्ट त्या सकाळची आहे. मी तेव्हा तिशीतला. बाय विधवा होऊन माहेरी परतलेली, सुक्या मासळीचा धंदा करणारी. उंची पाच फुटांच्या आत, आवाज खाडीपलीकडे जाणारा. भावाशेजारी बसून ती रडत होती. तेवढ्यात एक हवालदार तो ओला पंचा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू लागला. बायचं रडणं थांबलं.

"ओलो भरू नको रे मेल्या," ती म्हणाली. "कुजतलो. आधी वाळव."

"मावशी, हा पुरावा आहे."

"म्हणानच सांगतंय. बांगडो असो नायतर पुरावो असो, ओलो ठेवलंस काय कुजता. उन्हात पण घालू नको, सावलेत घाल."

आणि त्या हवालदाराने, का कोण जाणे, ऐकलं. दोन पोलीस समोर खुर्च्या टाकून बसले आणि खुनातला पंचा पडवीतल्या दोरीवर दुपारपर्यंत वाळत राहिला. मग बायने स्वतः तो वर्तमानपत्रात गुंडाळला, मासळीच्या पुड्याला बांधतात तसा सुंभाने बांधला आणि पोलिसांनी वर लाखेचं सील लावलं. तिने डोळे पुसले आणि पुन्हा रडायला बसली.

तेव्हाच्या तपासणीत फक्त रक्तगट निघाला. पंच्यावर दोन माणसांचं रक्त होतं. एक दिगूचं. दुसरं गजाभाऊच्या गटाचं. त्याच्या तळहाताला जखमही होती. ती कोयत्याची, असं तो म्हणाला. तो गट वाडीतल्या निम्म्या पुरुषांचा आहे आणि जाळ्याची, कोयत्याची ताजी जखम हातावर नाही असा पुरुष आमच्याकडे शोधून सापडत नाही. पण माडाचं भांडण फक्त त्याचं होतं. काही महिने आत राहून तो पुराव्याअभावी सुटला. फाइलीवर शेरा बसला, गुन्हा खरा, गुन्हेगार मिळत नाही. आणि गजाभाऊ बायच्या समोरच्या घरात परत आला.

कोणी त्याला काही बोललं नाही. फक्त त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. फक्त रापण लागली की, म्हणजे किनाऱ्यावरून ते मोठं जाळं सगळ्या वाडीने मिळून ओढायचं असलं की, त्याला कोणी हाक मारली नाही. बायने आपल्या अंगणात विणलेल्या झावळ्यांचा आडोसा उभा केला. जुना झाला की दरवर्षी नवा विणायची, डोक्याच्या वर हातभर उंच. "तेचा तोंड दिसलाच नाय, तर सकाळचो चाय तरी गोड लागतलो," म्हणायची. एकवीस वर्षं तिने चहा पाठमोरी बसून प्यायला.

डीएनएचं तिने टीव्हीवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात. "बाबल्या, थुकयेवरसून माणूस सापडता म्हणे. माझ्याकडे तर रगात आसा."

"बाय, एवढ्या वर्षांनी तो पंचा राहिला असेल का?"

"मी वाळवलेला कधी कुजूक नाय."

कोर्टात तिने नाव मिळवलं ते वासावर. सुक्या मासळीचा वास तिच्या लुगड्यात मुरलेला. ती बाकावर बसली की पाच मिनिटांत बाक रिकामा व्हायचा. "बघ, आमका कसो मान," ती मला म्हणायची आणि पाय वर घेऊन ऐसपैस बसायची. तारीख पुढे गेली की मी चिडायचो, ती नाही. "सुक्या बांगड्याक घाई नसता रे," हे तिचं ठरलेलं. मुद्देमालाच्या खोलीत पंचा सापडत नाही, असं आम्हाला दोनदा सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा बाय दारात फतकल मारून बसली आणि आतल्या माणसाला वास असह्य झाला म्हणा, दया आली म्हणा, त्याने तिला उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. तिने तिथूनच बोट दाखवलं. "ता वरचा. सुंभाची गाठ माझी आसा."

लाखेचं सील जसंच्या तसं होतं.

गजाभाऊचं रक्त घेतलं त्या दिवशीही मीच गाडी चालवली. दवाखान्याच्या बाहेर बाय मला म्हणाली, "सांग तेका, घाबरू नको. सुई बारीक असता." मी सांगितलं. गजाभाऊ म्हणाला, "सांग तिका, पोलिसांनी मारलेला तेव्हा सुई नव्हती." मी हे पोचवलं नाही. पोचवायची गरजही नव्हती. बाय भैरी नव्हती.

अहवाल आला तेव्हा आम्ही तिघेही कणकवलीला वकीलबाईंच्या खोलीत होतो. पोरसवदा बाई, फार हुशार. म्हणाल्या, "आजी, प्रयोगशाळेने लिहिलंय, नमुना चांगला टिकला होता. वाळवून कागदात ठेवला होता म्हणून." बायचा चेहरा फुलला. वकीलबाईंनी पान उलटलं. "दुसरं रक्त एका पुरुषाचं आहे. पण ते गजानन यांचं नाही."

"परत वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"दिगूचा नाय, तेचा पण नाय?"

"नाही, आजी. तिसऱ्याच माणसाचं."

गजाभाऊ दाराशी उभा होता. उड्या मारेल, रडेल, निदान मला मिठी मारेल म्हणून मी तयारीत होतो. तो म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?" कचेरीत आमची माणसं शुद्ध बोलतात.

घरी निघालो. दुभाष्याला सुट्टी. रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे पाणी दिसू लागतं, तिथे बाय काचेकडे बघत म्हणाली, "आजवर एका दाराक पाठ करून जगलंय. आता पाठ खंय करू?"

गजाभाऊने अहवालाच्या झेरॉक्स काढल्या. देवळाच्या फळ्यावर, दूध डेअरीत, चहाच्या टपरीवर चिकटवल्या. लोकांनी त्याचे हात हातात घेतले, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं म्हणाले. त्यांत मीही होतो. रविवारी रापणीला त्याला हाक आली. तो गेला आणि अर्ध्या दोरीवरून परत आला. मी बायकडे सुकट घ्यायला आलो होतो. तिने आडोसा काढून टाकला होता, त्यामुळे तो पाऊलवाटेवरून येताना दोघांनाही दिसला.

"सांग तेका," बायने सुरुवात केली आणि थांबली. मग एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "गजा, जाळा वर येवच्या आधी कित्याक इलंस?"

गजाभाऊ उभा राहिला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून सवयीने बोलू लागला, पण मी सुकटीत तोंड घातलं होतं. तेव्हा तिलाच म्हणाला, "सगळे हसत होते, बाय. माझ्या फुडे मागे दोरयेर सगळे. माका भंय वाटला."

"आता कसला भंय? तू सुटलंस."

"तुका आता कळला, मी नाय ता. माका पयल्याच दिसापासून म्हायत. म्हणजे दुसरो कोणतरी आसा, ह्या पण एकवीस वर्सां म्हायत."

बायने वाडीतल्या दारांवरून एकदा नजर फिरवली. मग विचारलं, "मगे तू ह्यांच्यात जगलंस कसो रे?"

"दाराक कडी लावन."

बायने हातातली सुकट खाली ठेवली, आत गेली आणि दोन कप चहा घेऊन बाहेर आली. तिसरा मला नव्हता. मी तो अपमान तेव्हा हसण्यावारी नेला.

दुसरा अर्ज तिने त्या आठवड्यातच सांगायला घेतला: वाडीतल्या, तेव्हा वयात असलेल्या सगळ्या पुरुषांची तपासणी व्हावी. माझ्या पडवीत बसून ती नावं सांगत होती, मी लिहीत होतो.

"पयलो तू."

मी हसलो. ती हसली नाही.

"बाय, माझं पण?"

"तुझो रगतगट खंयचो?"

मी सांगितला. तोच.

"मगे? लिव."

मी माझं नाव माझ्या हाताने लिहिलं. अक्षर बरं नाही आलं. संमतीपत्रावर सहीही केली; पण कोर्टाच्या हुकमाशिवाय रक्त कोणी घेणार नव्हतं. माझ्यासारखी सही आणखी सहा जणांनी केली, बाकीच्यांनी दारं लावून घेतली. ज्या घरांतून तिच्याकडे सणाला ताट यायचं, तिथून ते येईनासं झालं. म्हातारीला भ्रम झाला, दिगूच्या नावाने गावाची अब्रू काढते, असं बोलणं सुरू झालं. तिची सुकी मासळी मालवणच्या बाजारात खपायची, वाडीत कोणी घेईना. फक्त गजाभाऊ घ्यायचा, आणि तो एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार. "माका आता झोपेत पण सुकटीचो वास येता," असं तो मला सांगायचा.

पुढच्या तारखेला बाय व्हॅनमध्ये चढली ती मागच्या सीटवर, गजाभाऊच्या शेजारी. पुढची सीट रिकामी. मी आरसा नीट करायला हात घातला आणि तिचे डोळे दिसले. ती माझ्या मानेकडे बघत होती. रागाने नाही. बाजारात मासळी उलटून पालटून बघावी, तितक्याच शांतपणे. चार वर्षं मी तिला नेलं-आणलं होतं, तिची पेज आजारपणात माझ्या घरून गेली होती. पण वाळवलेल्या पंच्यावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिने आता फक्त तेवढंच वाचायचं ठरवलं होतं. मी केलं नाही, हे मला माहीत आहे. तिला ते कसं माहीत असणार? त्या दिवशी मला गजाभाऊची एकवीस वर्षं पाऊण तासात कळली.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती अंगणात, वाळत घातलेल्या मासळीच्या चटईशेजारी बसल्या जागी गेली. कावळे हाकलायची काठी हातात होती. गजाभाऊने हाक मारली म्हणून आम्हाला कळलं. तिला खांदा द्यायला वाडीतले पुरुष आले, म्हणजे तिच्या यादीतलेच. दुसरे आणायचे कुठून? मी पुढच्या डाव्या बाजूला होतो. चौघांपैकी कोणीही कोणाकडे बघत नव्हतं.

त्यानंतरच्या तारखेला मी आणि गजाभाऊ दोघेच गेलो. पुकारा झाला. वकीलबाईंनी उभं राहून सांगितलं की अर्जदार वारल्या. साहेबांनी कागदावरून नजर वर न करता विचारलं, "मग अर्ज पुढे चालवणार कोण? जवळचं कोणी?"

मी उठणार होतो. पण यादीत पहिलं नाव माझं. माझ्या शेजारून गजाभाऊ उठला. धुतलेला शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेला.

"तुम्ही मयताचे कोण?"

"शेजारी, साहेब."

"शेजाऱ्याला कसा चालवता येईल हा अर्ज?"

"मी या केसमधला पहिला संशयित आहे," गजाभाऊ म्हणाला, हळू आणि अगदी शुद्ध. "त्यांनी तपासणी मागितली म्हणून मी सुटलो. बाकीचे सगळे अजून अडकलेले आहेत."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "पुढे या," म्हणाले. गजाभाऊ पुढे गेला. मी बाकावर, यादीतल्या माझ्या नावासकट, बसून राहिलो.