दंडावरची हिरवी चिंधी

अहमदपूरच्या स्टँडवर अम्मीनं माझ्या दंडावर इमाम जामिन बांधला. हिरव्या चिंधीत गुंडाळलेलं नाणं, प्रवासाला निघालेल्याच्या रक्षणासाठी. चिंधी अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानातली. "पोचलीस की सोड अन् कुण्या गरिबाला खैरात कर. इसरू नको." लातूरच्या क्लासात दोन वर्षं घासूनही सरकारी मेडिकलला मार्क कमी पडले, म्हणून मी रशियाला निघाले होते. क्लासवाल्यांनी दोन्ही वर्षं मागच्या बाकावर बसवून माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं, पण मी निघताच होर्डिंगवर फोटो लावला.

तिथं मी लिदियाबाईंकडे भाड्यानं राहिले. कवयित्री आणि कादंबरीकार. त्यांची कविता शाळेत मुलं पाठ म्हणायची, शेजारीण घरचा मुरंबा आणून द्यायची. मग त्यांनी युद्धाविरुद्ध एक कविता वाचली. पाठ्यपुस्तकातून त्यांचं पान गेलं, दुकानात कादंबऱ्या काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या गेल्या आणि मुरंबावाली लिफ्टमध्ये पाठ फिरवून उभी राहू लागली.

हे ऐकून अब्बा फोनवर म्हणाले, "तुला काय करायचंय? मान खाली घालून डॉक्टरकी शीक." आणि अहमदपूरच्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारलंत, बर्फात फोटो काढलास का? तुमचा राग आला, अजून आहे. माझ्या अम्मीचं गाव भूकंपात गेलं. तिला निघताना कुणी काही बांधलं नाही, बांधणारे ढिगाऱ्याखाली होते. पण ते गाव जमिनीनं पाडलं. लिदियाबाईंचं गाव माणसांनी पाडलं, पूर्ण शुद्धीत.

त्यांचे मित्र केव्हाच देशाबाहेर गेले होते, त्यांनाही बोलवत होते. त्या चिडायच्या. "तिथं पावाच्या रांगेत माझ्या भाषेत कोण भांडेल?" शेवटी चौकशीला माणसं येऊन गेली आणि त्यांनी बॅग भरली. आल्या दिवशी दंडावरून सोडलेला इमाम जामिन कपाटातच पडून होता. परक्या गावात खैरात कुणाला द्यायची ते कळलंच नव्हतं. तो त्यांच्या कोटाच्या बाहीवर बांधला आणि अम्मीचेच शब्द सांगितले.

आता त्या जॉर्जियात एका खोलीत राहतात. इकडे त्यांच्या फ्लॅटला सील लागलं, मी होस्टेलात आले. परवा फोनवर विचारलं, चिंधी सोडली का? म्हणाल्या, "नाही. अजून पोहोचले कुठं?"

हे अम्मीला सांगितलं. "तू खैरात केलीच न्हाईस? मग तूबी पोचली न्हाईस, बेटा."

डिग्री मिळाली म्हणून तुम्ही माझा सत्कार ठेवलाय, शाल त्या क्लासवाल्यांच्या हातून. मी येणार नाही. उद्या मी तुम्हाला न आवडणारं काही बोलले, तर ते होर्डिंगही असंच उतरेल. घर कुठं, विचारता ना? जिथं चिंधी सोडून खैरात करायला हात धजेल, तिथं. तसा उंबरा मला इथं दिसलेला नाही, आणि तुमच्याकडेही नाही.