अर्धी गोळी

लग्न होऊन मी मोशीला आले तेव्हा आमचे हे भोसरीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्याला दाब देऊन आकार काढायचं ते मशीन. सकाळच्या शिफ्टला सायकलवर जायचे, दुपारी चारच्या आत घरी. बोलणं कमी, पण माणूस हसरा. लग्नाच्या चौथ्या वर्षी ते हसणं गेलं. मला आधी वाटलं, कंपनीत युनियनचं काही चाललं असेल. मग डबा भरलेलाच परत यायला लागला. "कालवणात कुणीतरी काहीतरी टाकतं," असं म्हणायचे. एके दिवशी संध्याकाळी ताटावर बसले असताना एकदम थांबले.

"भोंगा ऐकलास? माझं नाव घेतोय."

कंपनीचा भोंगा वाजलाच नव्हता. मी भाकरी वाढली. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

ह्यांच्या खात्यात उस्मानाबादकडचे एक जण होते, शेजारच्याच मशीनवर. ते एका रविवारी घरी आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. माझ्या मावसभावाला असंच झालं होतं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर बसतात. बरा झाला तो. शेती करतो आता."

पुण्याला जायला हे तयार होईनात. शेवटी मी म्हटलं, "माझं डोकं दुखतं, मला दाखवायचंय, सोबत चला." खोटं बोलून नेलं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. थेट ह्यांना विचारलं, "आवाज येतात का?" हे माझ्याकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते खरेच ऐकू येतात. मी नाही म्हणत नाही. औषधानं ते कमी होतील." मग हे बोलायला लागले ते अर्धा तास थांबले नाहीत. इतकं सगळं त्यांच्या मनात होतं आणि मी शेजारी झोपत होते.

गोळ्या कागदाच्या पुडीत मिळाल्या, त्यावर नाव नाही काही नाही. बाईंनी केसपेपर माझ्या हातात दिला. "बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. दारू बंद. झोपेतून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर चक्कर येते. आणि काही वेगळं दिसलं तर हा कागद घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जायचं. कागद विसरायचा नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी हे ओट्यावर बसले होते, मी समोर कांदे निवडत होते. वर बघते तर त्यांची मान डाव्या खांद्याकडे वळलेली. म्हटलं, "अहो, काय बघताय?" जवळ गेले तर जबडा ताठ, जीभ बाहेर येऊ पाहतेय, बुबुळं वर छपराकडे चढलेली. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर! डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सासूबाई आतून धावत आल्या. "ह्ये भायेरचं हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचं काम न्हाई ह्ये. देवऋषाला बोलवा कुणीतरी." शेजारचे दोघे-तिघे जमले होते, एक जण निघालासुद्धा.

मला त्या वेळी दुसरं काहीच सुचलं नाही, फक्त कागद आठवला. "आत्याबाई, आधी डॉक्टर. मग तुम्ही म्हणाल तसं."

"आन् मदी काय झालं म्हंजी?"

"झालं तर माझ्यावर घाला."

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. दुधाचा टेम्पो भोसरीकडे निघाला होता, त्यात ह्यांना बसवलं. सासूबाईही चढल्या, पदरात लिंबू बांधून. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं ह्यांना पाहिलं, माझ्या हातातला कागद वाचला आणि त्याचा चेहरा सैल झाला. "ह्या गोळीनं काही जणांचे स्नायू असे आखडतात. घाबरू नका. उतरेल." त्यानं दंडात इंजेक्शन दिलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांत मान हळूहळू सरळ झाली, डोळे खाली आले. हे पहिल्यांदा म्हणाले, "पाणी."

सासूबाईंनी डॉक्टरला विचारलं, "म्हंजी ह्ये औषिदानंच झालं व्हय?"

"हो आजी."

"आन् औषिदानंच गेलं?"

"हो."

घरी आल्यावर त्यांनी पदरातलं लिंबू सोडलं आणि जेवणात पिळलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी गोळी थोडी कमी केली आणि स्नायू आखडू नयेत म्हणून सोबत दुसरी बारीक पांढरी गोळी लावली. दीड महिन्यानं डबा रिकामा यायला लागला. आवाज अगदी गेले नव्हते, पण "लांब गेलेत" म्हणायचे.

आता मी काय केलं ते सांगते.

सकाळ-रात्र अशी गोळी होती, त्यातल्या सकाळच्या गोळीनं ह्यांना पेंग यायची. ते उस्मानाबादचे भाऊ एकदा सांगून गेले, "वहिनी, मशीनवर डुलकी लागली होती. मी हाक मारली म्हणून." प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी मोशीतच दोन पाहिली होती. त्या दिवसापासून मी सकाळची गोळी ब्लेडनं कापून अर्धीच द्यायला लागले. भाकरीच्या तुकड्यासोबत हातावर ठेवायचे, ते न बघता गिळायचे. कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवस काय सुरेख गेले! ह्यांचे डोळे उघडले, सासूबाईंची थट्टा केली, सायकलची चेन स्वतः काढून धुतली. मला वाटलं, डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं.

तिसऱ्या आठवड्यात डबा पुन्हा भरलेला आला. मी तो उघडला आणि तशीच चुलीपुढे बसून राहिले. लाजेनं आणखी दोन दिवस घालवले, मग पुण्याला गेलो.

बाईंनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता?"

"एकही चुकवली नाही," हे म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते अगदी खरं होतं.

बाई कागदावर काहीतरी वाढवून लिहायला लागल्या. मला राहवलं नाही. "बाई, मी अर्धी देत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावतील म्हणून मी मान खाली घातली. "का?" एवढंच विचारलं. मी प्रेसचं, झोपेचं, बोटांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भीती बरोबर होती. पण ती मला सांगायला हवी होती. आता मला वाटलं गोळी लागू पडत नाही, मी दुप्पट करायला निघाले होते." मग सकाळची गोळी रात्रीच्या गोळीत मिळवून झोपताना घ्यायला सांगितली आणि ह्यांना म्हणाल्या, "अंगाला सवय होईपर्यंत मशीनवर उभं राहायचं नाही."

परतीच्या बसमध्ये पिंपरी येईपर्यंत हे खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? गोळी माझ्या पोटात जाते ना?"

घरी आल्यावर मी पुडी आणि ब्लेड त्यांच्यापुढे ठेवलं. त्या दिवसापासून पुडी त्यांनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. स्वतः काढायचे, मला दाखवायचे आणि घ्यायचे.

कंपनीत सांगायला मात्र ते फार घाबरत होते. दोन दिवस मनात घोकलं आणि साहेबांना सांगितलं, "मी डोक्याच्या औषधावर आहे. प्रेसवर काही झालं तर माझंच नाही, शेजारच्याचंही व्हायचं. दुसरं काम द्या." त्यांना टूल रूममध्ये हत्यारं देण्या-घेण्याचं काम मिळालं. काहींनी मागे नावं ठेवली, चहाला बरोबर बसायचं सोडलं. उस्मानाबादचे भाऊ मात्र रोज डबा घेऊन टूल रूममध्ये जायचे.

पुढं काही वर्षांनी बाईंनीच गोळी उतरवत आणली, महिनेच्या महिने घेऊन, कण कण. पूर्ण बंद कधीच झाली नाही. हाताला बारीक कंप राहिला, कप धरताना दिसायचा. आता नवी औषधं आली आहेत, त्यांत मान तितकी आखडत नाही म्हणतात, पण वजन आणि साखर बघत राहावं लागतं. म्हणजे डॉक्टरशी बोलत राहणं काही सुटलेलं नाही.

ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट, हे टूल रूममध्ये होते तेव्हाची. कंपनीतला एक जण घरी आला, पूर्वी चहाला न बसणाऱ्यांपैकी. बाहेर चप्पल काढायला त्याला फार वेळ लागला. बायको दिवसभर भिंतीशी बोलते, म्हणाला. "तुमच्यातल्या दोन गोळ्या द्या, राव. बघतो देऊन."

हे म्हणाले, "माझी गोळी वहिनींना द्यायची नाही. उलटंच काहीतरी व्हायचं. उद्या रजा टाका, मी पण टाकतो."

सकाळी सातच्या बसला हे, तो आणि त्याची बायको असे तिघं पुण्याला गेले. मी चौघांच्या चपात्या करून दिल्या होत्या, चौथी वाटणी त्या डॉक्टरीणबाईंसाठी; ह्यांनी ती त्यांना नेऊन दिली.