माझ्याच फोल्डरची परवानगी

लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. दोनदा काळ्या स्क्रीनवर अडकून तिसऱ्यांदा तो सुरू झाला, पण माझ्याच फोटोंचा फोल्डर उघडेना. तुम्हाला परवानगी नाही, म्हणाला. शेवटी मुग्धाला फोन केला. ती माझी जुनी रूममेट, कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारी. ती लग्न होऊन गेल्यापासून आमचं बोलणंच झालं नव्हतं.

"अगं, युजरचं नाव तेच टाकलंस तरी नव्या सिस्टिमच्या लेखी तू नवीनच. फोल्डरची मालकी बदलून घे," म्हणत तिने कमांड सांगितली.

माणसांचंही असंच होत असावं. नाव तेच, फोन नंबर तोच, तरी एकमेकींशी बोलायला आधी काहीतरी बिघडावं लागतं.

फोल्डर उघडला.

"अजून काही अडलंय का गं?"

"स्पीकरही वाजत नाहीये," मी म्हणाले आणि लॅपटॉपवर लागलेलं गाणं हळूच बंद केलं.