पितळी बक्कल

घडीकाकांना बाहीवरची तिसरी फीत, म्हणजे बढती, मिळत नव्हती, आणि त्याचं कारण होतं त्यांची कंबर. जाड होती म्हणून नव्हे हो, अंगानं ते काडीपैलवानच. कंबरेला पट्टा नसायचा म्हणून.

छावणीच्या टोकाला, धावपट्टीच्या कडेला एक लांबलचक खोली होती. तिथे पॅराशूटांच्या घड्या घातल्या जात. उडी मारणारे जवान त्यांना छत्र्या म्हणायचे. टेबलावर छत्री पसरायची, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, एकेक पाकळी तळहातानं सारखी करायची, मधली हवा दाबून काढायची, घडी हलू नये म्हणून वर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या, आणि शेवटी तो सगळा पसारा उशीएवढ्या पिशवीत बसवायचा. मग पिशवीच्या कप्प्यातल्या कार्डावर सही. त्या सहीचा अर्थ एवढाच, की ही उघडेल. चोवीस वर्षं काका हेच करत होते, आणि त्यांची सही असलेली छत्री उघडली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

आता या कापडाचं असं असतं बघा, त्याला टोकदार काहीही खपत नाही. काका रोज सकाळी नखं घासायचे. लग्नातली अंगठी घरी डब्यात पडून होती. खोलीच्या दारात आले की पट्टा, छातीवरची नावाची पितळी पट्टी, सगळं उतरवून खिडकीत ठेवायचे आणि मग टेबलाला हात लावायचे. त्यांचं बघून बाकीचेही तसंच करत. पण गणवेशाच्या नियमावलीत लिहिलं होतं, कामावर असताना पूर्ण गणवेश, पट्ट्यासकट. ती कुणी लिहिली देव जाणे, त्या शहाण्यानं छत्रीची घडी काही बघितली नसणार. दरवर्षी तपासणी व्हायची, साहेबांचे बूट वाजायच्या आत बाकीचे पटापट पट्टे चढवायचे, काका मात्र हातातली घडी सोडायचे नाहीत, आणि त्यांच्या कागदावर तोच शेरा पडायचा: काम उत्तम, टापटीप नाही. फीत जायची दुसऱ्याला.

सुरुवातीला काकांना राग यायचा. पुढे नुसतं वाईट वाटायचं. मग कधीतरी तेही थांबलं. शेरा वाचायचे, "बरं" म्हणायचे आणि टेबलाकडे वळायचे. लोक म्हणायचे, काय शांत माणूस आहे! शांत कसला डोंबलाचा. आत काही हलतच नव्हतं.

या वर्षी मात्र प्रश्न नुसत्या फितीचा नव्हता. वय होत आलं होतं. तिसरी फीत मिळाली तर आणखी चार वर्षं टेबल, नाहीतर तीस तारखेला घरी.

"घरी बसून काय करणार हो तुम्ही?" बायको म्हणाली. "धड चहा करता येत नाही तुम्हाला. माझ्या मागे मागे फिराल दिवसभर. एक दिवस घाला ना तो मेला पट्टा. एकच दिवस! बाकीचे घालतातच ना?"

"बरं," काका म्हणाले.

तिनं बक्कल घासून घासून असं चमकवलं की त्यात तोंड दिसावं.

नवे साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांचं म्हणणं एवढंच, की शिस्त अंगावर दिसली पाहिजे. ते काकांसमोर येऊन थांबले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वा! तुमच्याबद्दल भलतंच ऐकलं होतं मी."

"हो साहेब."

"आता असेच उभे राहा आणि एक छत्री बांधून दाखवा."

इथे खरी गंमत. पूर्वीचे साहेब पट्टे बघायचे आणि निघून जायचे, काम बघायला कुणी थांबतच नसे. काकांनी खिडकीकडे बघितलं. मग साहेबांकडे. साहेब घड्याळ बघत होते. काका टेबलावर वाकले.

छत्री बांधायची तर वाकावंच लागतं. पाकळ्यांतली हवा काढताना पोट टेबलाला टेकतं, त्याला इलाज नाही. बक्कल कापडावरून सरकल्याचं काकांना कळलं. कळलं, पण हात थांबले नाहीत. घडी झाली, पिशवी झाली, कार्डावर सही झाली. साहेबांनी कागदावर लिहिलं, टापटीप उत्कृष्ट, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तिसरी फीत झाली समजा," ते म्हणाले. छत्री बाहेरच्या खोलीतल्या कपाटात गेली.

शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली ताई धावत आली. "काका, पेढे कधी?"

काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी वाट बघून पाहिली. काही झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, घास घेतला, तो तसाच हातात राहिला. मग ते उठले, पट्टा काढून खिडकीत ठेवला, कपाटातून ती छत्री काढून आणली आणि पुन्हा टेबलावर उलगडली. सातव्या पाकळीवर एक धागा ओढला गेला होता. बोटभर लांब. उजेडात धरून बघितल्याशिवाय दिसला नसता.

आता सांगा, काय करायचं या माणसानं? कुणी पाहिलेलं नव्हतं. "कापड जुनं झालं" असं लिहून छत्री बाद करता आली असती, कुणी हूं की चूं केलं नसतं. काकांनी कार्ड काढलं, स्वतःच्या सहीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: माझ्या पट्ट्याच्या बक्कलानं कापड खराब. चूक माझी. बाद.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कार्ड त्यांच्यासमोर होतं.

"कुणी बघितलं होतं का तुम्हाला?"

"नाही साहेब."

"मग हे लिहिलंत कशाला? सही करून दिलेली छत्री खराब निघाली म्हणजे काय, माहीत आहे ना? फीत तर जाईलच, चोवीस वर्षांच्या नोंदीवर डाग लागेल." साहेबांनी खण उघडला आणि एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. "कापड जुनं होतं. लिहा आणि विषय संपवा."

काकांनी पेन उचललं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला, टेबल आलं, चार वर्षं आली. पेन कागदाला टेकवलं आणि तिथेच थांबले.

"साहेब, उद्यापासून टेबलावर पट्टा लागेल?"

"लागेल. तो नियम आहे. आजवर पट्ट्यानं एकही छत्री फाटल्याची नोंद नाही."

"नोंद कशी असणार साहेब? काम करताना पट्टा कुणी घालतच नव्हतं."

साहेबांनी रेघ मारलेलं कार्ड उचलून पुन्हा वाचलं.

"आता आहे नोंद," काका म्हणाले आणि कोरं कार्ड परत सरकवलं. "तेवढी एकच आहे. ती राहू द्या."

घरी हे ऐकून बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. मग रडली. मग भांडली. "जगाची काळजी तुम्हालाच! उड्या मारणारे येणार आहेत का तुम्हाला विचारायला?" काका ऐकत होते. ती रडतेय हे दिसत होतं, तिला जवळ घ्यावं हेही समजत होतं, पण कोपर आपटल्यावर हात झिणझिणतो आणि आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं सगळ्या अंगाचं. "चहा करतो," ते म्हणाले. केला, आणि तो खरोखरच वाईट झाला.

साहेबांनी मात्र शब्द फिरवला नाही की कार्ड दडवलं नाही. काकांची फीत कापली आणि ते कार्ड वर पाठवलं. अठ्ठावीस तारखेला हुकूम आला. धातूची कोणतीही वस्तू टेबलाजवळ नेऊ नये. पट्टे बाहेरच्या खोलीत खुंट्यांवर लावावेत. आता हुकूम म्हटल्यावर तो तेवढ्यावर थांबतोय होय! बक्कल चकचकीत असावं, सगळी बक्कलं एका रेषेत असावीत, एका खुंटीवर एकच पट्टा, आणि ज्याचा पट्टा खुंटीवर नाही त्याला आत प्रवेश नाही.

संध्याकाळपर्यंत सुतार येऊन खुंट्या ठोकून गेला. प्रत्येक खुंटीखाली नावाची पाटी. काकांच्या नावाची नव्हती. यादी पुढच्या महिन्याच्या हजेरीवरून केलेली, आणि पुढच्या महिन्यात काका नव्हते.

"असं कसं?" चष्मेवाली ताई भडकली. "काका, माझ्या खुंटीवर लावा तुम्ही. कोण काय बोलतंय बघतेच मी."

"नको," काका म्हणाले. "एका खुंटीवर एकच. उगाच तुझ्या कागदावर शेरा पडेल."

"पण मग तुम्ही दोन दिवस करणार काय?"

"बसतो."

आणि ते बसले. बाहेरच्या खोलीतल्या बाकावर, पूर्ण गणवेशात, कंबरेला पट्टा, छातीवर पट्टी. दाराच्या काचेतून आतली टेबलं दिसायची. सगळे मोकळ्या कंबरेनं वाकून काम करत होते. ताईनं एकदा दोरी चुकीच्या बाजूनं घेतली, काकांचा हात मांडीवर हलला, मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं सोडवली. काकांनी हात परत जागेवर ठेवला.

तीस तारखेला दुपारी उडी मारणाऱ्यांची तुकडी छत्र्या न्यायला आली. कपाट त्या बाकामागेच होतं. कार्डांवरच्या सह्या ही मंडळी ओळखत, पण सही करणारा माणूस त्यांनी कधी पाहिलेला नसे. ते आले की घड्यावाले आत वाकलेले असत. एक उंच जवान कपाटापाशी येऊन थांबला, बाकावरच्या चकचकीत माणसाकडे त्यानं बघितलं आणि खाडकन पाय जुळवले.

"माफ करा साहेब, जरा बाजूला होता का? मागे घडीकाकांची एक छत्री उरलीय म्हणतात. ती मिळाली तर बरं वाटतं."

काका उठून बाजूला झाले. जवानानं वाकून खालच्या कप्प्यातली कार्डं एकामागून एक बघितली. एका कार्डावर त्याचं बोट थांबलं. "सापडली!" तो मागच्या सोबत्याला म्हणाला, आणि त्यानं ती छत्री छातीशी धरली. जाताना काकांना पुन्हा सलाम ठोकला. "आज तपासणी आहे वाटतं साहेब?"

"हो," काका म्हणाले.

मग ते परत बाकावर बसले. पट्टा पोटात रुतत होता, पण तो काढून ठेवायला त्यांना खुंटी नव्हती.