नाना सगळ्यांना उत्तर द्यायचा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नरडाण्याला, आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये फिटिंगच्या मालाची मोजणी करून घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "मालूताई, हे चहाला उठलेच नाहीत हो..." जळगावच्या बसमध्ये बसल्याबसल्या मी यादी केली. कोणाला कळवायचं, मृत्यूचा दाखला, पेन्शन, बँक, गॅसचं कार्ड. हाताला काम असलं की माझं मन ठिकाणावर राहतं. पुढच्या काही दिवसांत एकेका कामावर काट मारत गेले. एकच काम राहिलं, आणि ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं... नानाचा ब्लॉग साफ करणे.

नाना माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी त्याने बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली, आधी धुळ्याला आणि मग जळगावला. यावलची गाडी लागली का, शिरपूरची गेली का, हे दिवसभर लोक विचारायचे. नाना सांगायचा आणि वर "कोणाकडे निघालात?" असंही विचारून घ्यायचा. मागची रांग खोळंबायची, शिव्या घालायची. त्याला फरक पडत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र तो घरात चिडचिड करू लागला. "आता मला कोणी काही विचारतच नाही," हे त्याचं दुखणं. त्यावर इलाज म्हणून मीच त्याला ब्लॉग काढून दिला. फुकट मिळणाऱ्या दोन-तीन सेवा तपासल्या, त्यातली सगळ्यात सोपी निवडली, मोबाइलवर बोलून कसं लिहायचं ते शिकवलं. आमची अहिराणी शहरात राहूनही त्याच्या तोंडून गेली नव्हती. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फुकट शे? मंग त्यासनं पोट कसावर भरस?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तू लिही."

त्या फुकटाचं पोट कशावर भरतं ते पुढे दिसलं. नाना सुरेख लिहायचा. चुकीच्या गाडीत चढलेलं वऱ्हाड, केळीच्या घडासाठी वेगळी सीट मागणारी आजी, रोज सुरतेच्या गाडीची वेळ विचारणारा आणि कधीच न गेलेला म्हातारा. पण या मजकुराच्या बरोबर मध्ये पोटाची चरबी घटवायच्या गोळ्यांची जाहिरात. आजीच्या गोष्टीखाली ऑनलाइन जुगार. आणि खाली प्रतिक्रिया! नातेवाइकांनी नुसते अंगठे दाखवले, वाचलं कोणीच नाही. ज्यांनी लिहिलं ते सगळे असे: "छान माहिती, त्वरित कर्जासाठी येथे दाबा." "घरबसल्या रोज हजारो कमवा." कुठल्याशा उघड्यावाघड्या फोटोखाली, "मी एकटी आहे, माझ्याशी बोला." मला ते बघून स्टँडच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या आठवायच्या. भिंत दुसऱ्याची, म्हणून थुंकायचं. ब्लॉग फुकट म्हणून त्याच्या भिंतीवर कोणीही थुंकावं?

आणि नाना त्या प्रत्येकाला उत्तर द्यायचा. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "नाना, ही माणसं नाहीत. यंत्रं आहेत. कचरा आहे हा. मी एक बटण दाबते, सगळं बंद होईल."

"दाबू नको."

"अरे पण का?"

"दारशी उनेल मानुसले पानी इचारनं पडस, मालू."

"दारी आलेला माणूस असेल तर ना!"

"बठ्ठा यंत्रंच शेतस, हे तुले कोनी सांगं?" मग तो खिडकीतल्या आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाला, "खिडकीवरही निम्मे लोक उत्तर ऐकायला थांबत नव्हते. म्हणून मी बोलायचं बंद केलं होतं का?"

वहिनी आतून ओरडली, "वाद घालू नका हो ताई, त्यांना तेवढंच गिऱ्हाईक आहे!"

मी बटण दाबलं नाही, पण किळस गेली नाही. नाना गेल्यावर मी ब्लॉगवर बातमी टाकली. भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी ती मोबाइलवर उघडली, आणि नानाच्या फोटोखाली जुगाराच्या जाहिरातीतले पत्ते नाचू लागले. वहिनीची मान खाली गेली. लोक गेल्यावर ती म्हणाली, "ताई, हे सगळं पुसून टाका. यांच्या नावावर ही घाण नको." मला तेच हवं होतं. पैसे भरून जाहिराती बंद होतात असं कळलं, ते काम लगेच उरकलं. मग प्रतिक्रिया पुसायला बसले. पहिलीच पुसली, तर तिच्याखाली लिहिलेलं नानाचं उत्तरही तिच्याबरोबर गेलं. मी ते वाचलंही नव्हतं. जाता जाता शेवटचे शब्द तेवढे दिसले, "...पाणी पिऊन जा." परत आणायची सोय शोधली. नव्हती.

माझा हात थांबला. वहिनीला बोलावलं, सांगितलं, की घाण काढली तर नानाही जातो. ती शेजारी बसली. म्हणाली, "आधी वाचून दाखवा." मी वाचू लागले. कर्जवाल्याला नानाने लिहिलं होतं, "आभारी आहे. पेन्शन पुरते. आपण कुठले? हिवाळ्यात जळगावला या, भरीत खाऊ." हजारो कमवायला सांगणाऱ्याला, "बाबा, स्टँडवर तीन पत्तीवाल्यांनी नागवलेली माणसं मी रडताना पाहिली आहेत. हा धंदा सोड." चरबीवाल्याला, "मी काडी आहे, पण तुमची गोळी आमच्या सौभाग्यवतींना विचारून पाहतो."

"स्वतः काडी, आणि माझं नाव पुढे करतात!" वहिनी म्हणाली आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. त्या एकटीला त्याने लिहिलं होतं, "पोरी, एवढी जागू नकोस. घरी कोण कोण असतं?" ते उत्तर वहिनीने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "राहू द्या, ताई. यांचा शब्द आहे तिथे हात लावू नका."

म्हणून ती घाण तिथेच आहे. मला ती आजही सहन होत नाही. इतक्या लोकांना जेवायला बोलावलं त्याने, आणि एकाही भामट्याने मागे वळून "बरे आहात ना" म्हणून विचारलं नाही. यादीतलं काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही, पण याच्यावर काट मारलेली नाही.

परवा कारखान्यातून आल्यावर ब्लॉग उघडला. नानाच्या निधनाच्या बातमीखाली नवी प्रतिक्रिया आली होती. "वाचून खूप आनंद झाला. असेच लिहीत राहा. आकर्षक बक्षिसांसाठी येथे दाबा." सवयीने मी खाली पाहिलं, नाना याला काय म्हणतो ते बघायला. खाली जागा कोरी होती.

मी ती पुसून टाकली.