पाटीच्या भरवशावर पाजलेलं पाणी

नव्या राजधानीच्या रस्त्यावरच्या एका निळ्या पाटीने माझ्या आईला फसवलं. पाटीवर भरवसा ठेव, असं तिला सांगणारा मी होतो, म्हणून लाज माझ्या वाट्याला आली. तुम्ही तुमसरची मंडळी दिवाळीनंतर रायपूर पाहायला येतो म्हणता, तेव्हा हे आधी वाचा.

मी गाव सोडलं त्या दिवशी आई स्टेशनावर आली होती. गाडी हलली तशी म्हणाली, "परक्या गावात आधी मोरी कुठं आहे ते पाहून ठेव, मंग धंदा पाह्य." डब्यातले लोक हसले. मी तोंड फिरवलं.

रायपुरात पंडरीच्या कापडबाजारात मी गठ्ठे उचलण्यापासून सुरुवात केली. भाव तोडायला शिकलो, भांडायला तर येतच होतं. पुढे स्वतःचं साड्यांचं दुकान झालं. राज्य वेगळं झालं, शहर फुगलं, समता कॉलोनीत मी घर घेतलं. त्यात आईची खोली काढली. वडील गेल्यावर ती तिकडे एकटीच होती. बरीच वर्षं नाही म्हणत होती, मग एकदाची आली. म्हणाली, "आधी पाहून घेतो, मंग ठरवू."

तिला शहराबाहेर वसवलेली नवी राजधानी दाखवायला निघालो. आमच्या बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. आईनेही पेला परत केला.

"काहून भेऊन राहिली, माय? आता राजधानी आहे. रस्त्यावर पाट्या लागल्या आहेत, बाईचं चित्र काढलेल्या."

"चित्र काय दार उघडते?"

बायकोने मला डोळ्याने खुणावलं. मी ऐकलं नाही. गाडीत बाटली होती, ती आईला संपवायला लावली. ऊन होतं, तिलाही बरं वाटलं.

शहर मागे पडल्यावर आईने बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. तेवढ्यात निळी पाटी दिसली. मी विजयी झाल्यासारखा गाडी वळवली. बाणाच्या मागे गेलो तर एका गोल चौकातून फिरून पुन्हा त्याच पाटीपाशी आलो. वळण पाटीच्या अलीकडे होतं. शेवटी ती इमारत सापडली. नवीकोरी, फरशीवर प्लास्टिक तसंच. दाराला कुलूप.

चौकीदार म्हणाला, "भैया, अभी उद्घाटन नहीं हुआ है. चाबी साहब के पास है."

"तो बोर्ड काहून लावला?"

"बोर्ड तो पहले लगता है."

मी बोली लावावी तसा त्याच्या मागे लागलो. आधी गोड बोललो, मग नोट काढली, मग आवाज चढवला. पर्यटकांची बस थांबली. लोक खिडक्यांतून पाहू लागले. मागून आई हळू आवाजात म्हणाली, "भांडू नको रे. तू ओरडतं म्हणून लोकं पाहून राहिले."

त्या रुंद रस्त्यावर आडोसा नव्हता. झाडं लावली होती, ती गुडघ्याएवढी. बायकोने डिकीतल्या गठ्ठ्यातून एक साडी ओढली आणि गाडीच्या आडोशाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी पाठ फिरवून उभा होतो. बस जाईना. वारा होता, आणि साडी माझ्याच दुकानातली, अगदी पातळ.

त्यानंतर आईने माझ्या घरात जेवतानासुद्धा पाणी घोटघोटच घेतलं. आठवडाभराने म्हणाली, "मले गावाकडं सोडून दे." खोली तशीच बंद आहे.

तर येताना पाटीवर जाऊ नका. बाण दिसला की गाडी हळू करा, वळण मागे गेलेलं असेल. बाईचं चित्र दिसलं तर आधी कुणी पुरुषाने उतरून कुलूप पाहावं. पंडरीच्या बाजारात बायकांसाठी जागा शोधत फिरू नका, थेट माझ्या दुकानात या. मागे बांधून घेतली आहे. किल्ली गल्ल्याजवळच्या खिळ्यावर असते, कुणालाही विचारावी लागत नाही. गिऱ्हाईक नसलेल्या बायकाही येतात. येऊ देत.

घर कुठं, असं मला कुणी विचारलं की पूर्वी मी समता कॉलोनी सांगायचो. आता वाटतं, जिथे माझी आई तहान लागली की पेलाभर पाणी पिते, ते घर. तसं ते तुमसरातच राहिलं.

चौकीदारावर माझा राग नाही. ज्याने दाराआधी पाटी लावली, त्या साहेबाने एकदा तुमसरला यावं. आई ओट्यावर बसलेली असते. तिच्यासमोर बसून त्याने सांगावं, ती चावी कुणासाठी ठेवली होती.